ऐकू येतंय, पण कळंना

(परभणीतल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)

नमस्कार. मागं ऐकू येतंय का? शेवटच्या रांगेत? काय म्हणाले ते काका? "येऊलालंय, पण कळंना." काका, उभे राहा हो जरा, तुमचा सत्कार करायला पाहिजे. मला आज पाऊण तासात जे सांगायचंय ते तुम्ही तीन शब्दांत सांगून मोकळे झालात. आता मी खाली बसले तरी चालतंय. नाही, बसत नाही, रिक्षाचे पैसे वाचनालयानं दिलेत.

पोस्टरवर विषय लिहिलाय 'श्रवण चेतापेशींची रचना व कार्य'. हे शब्द सेक्रेटरी साहेबांचे आहेत. मी फोनवर म्हणाले होते 'कानातल्या वायरी' असं लिहा, तर ते म्हणाले मॅडम, मग इलेक्ट्रिशियन लोक येतील. आले असते तर बरंच झालं असतं, निदान हा माईक तरी शिट्ट्या मारायचा थांबला असता.

पुढच्या दोन रांगा अकरावी-बारावीच्या पोरांच्या दिसायल्यात. क्लासवाल्यांनी पाठवलंय की स्वतःहून आलात? खरं बोललात, आवडलं. आत येताना दारातच एका पोरीनं विचारलं, मॅडम हे नीटला येतं का. बाळ, कानाची आकृती पूर्वी यायची, नावं द्यायला यायची, २०२४ पासून कान अभ्यासक्रमातूनच काढलाय, म्हणजे आज मी जे बोलणार त्यातलं बरंचसं येत नाही, आणि माझा मामा तर अजिबातच येत नाही, आणि मी सगळ्यात जास्त वेळ मामावरच घालवणारे. ज्यांना उठायचंय त्यांनी आत्ताच उठा, नंतर खुर्च्या लै वाजतात.

तर माझं एक जुनं दुखणं आहे. मी ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, हजारो पेपर तपासले, अभ्यासक्रम चारदा बदलला पण एक गोष्ट कधी बदलली नाही. प्रश्न असतो, अमक्या पेशीची रचना व कार्य लिहा. पोरं पानावर मधोमध रेघ मारतात, डावीकडं रचना, उजवीकडं कार्य. डावीकडचं पाठ, उजवीकडचंही पाठ, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही, भाऊबंदकीत वाटणी झालेल्या घरासारखं, मधे भिंत. ती रेघ बघितली की माझं डोकं उठायचं. अरे, ती पेशी तशी कामून आहे हे एकदा तरी विचारा की!

माझी एक पुण्याची मैत्रीण आहे, तिला एकदा गावाकडं शेतात नेलं होतं. बाईनं आयुष्यात तिफण पाहिली नव्हती. मी नाव सांगितलं नाही, नुसतं विचारलं, बघ आणि सांग हे काय काम करत असेल. तिनं दोन फेऱ्या मारल्या, वर लाकडाची वाटी, वाटीच्या बुडाला तीन भोकं, तिथून तीन नळ्या खाली, नळ्यांच्या टोकाला तीन फण. म्हणाली, वरून काहीतरी टाकायचं, ते तीन जागी सारखं वाटून जमिनीत जायचं. झालं की! चाडं, नळे, फण यातला एक शब्द तिला येत नव्हता, पण पेरणी कळली. आणि आमच्या पोरांना सगळे शब्द येतात, पेरणी तेवढी कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कानाची नस ही तिफणीसारखी बघायची. नाव नंतर, आधी आकार.

बाहेरचा कान, पडदा, हातोडी, ऐरण, रिकीब हे सगळं शाळेत झालंय, त्यात जात नाही. आत वाटाण्याएवढ्या जागेत गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्या आतला पडदा उलगडून सरळ केला तर साधारण ३५ मिलिमीटर भरतो, म्हणजे माझ्या बोटाचं दीड पेर. हा पडदा सुरुवातीला अरुंद आणि ताठ, शेवटी रुंद आणि सैल. त्यामुळं बारीक आवाज, म्हणजे टाळ, शिट्टी, हा आमचा माईक, हे सुरुवातीलाच पडदा हलवतात, आणि ढोलासारखे जाड आवाज पार आतल्या टोकाला जाऊन हलवतात. पखवाजाच्या दोन तोंडांची शाई आणि कणीक ज्यांना माहितीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. हे ज्यानं मोजलं तो बेकेशी नावाचा माणूस डॉक्टर नव्हता, हंगेरीत टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करायचा. टेलिफोन कसा सुधारायचा हे बघता बघता मेलेल्या माणसांच्या कानात शिरला, आणि १९६१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. इलेक्ट्रिशियन लोकांना कमी समजू नका, म्हणून मगाशी म्हणाले.

त्या पडद्यावर केशपेशी बसलेल्या असतात. केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत, पेशीच्या टाळूवर बारीक काड्यांचा झुपका असतो. आतल्या बाजूला एक रांग, तिच्यात साधारण ३,५०० पेशी. बाहेरच्या बाजूला तीन रांगा, त्यात साधारण १२,०००. आता कानाच्या नसेत, एका कानाच्या म्हणते मी, सुमारे ३०,००० तंतू असतात. डोळ्याच्या नसेत दहा लाखाच्या आसपास, म्हणजे कान गरीबच. तर हे ३०,००० तंतू कुणाला मिळाले असतील? हिशोबानं बाहेरच्या १२,००० पेशींना जास्त मिळायला पाहिजेत ना? तर नाही. शंभरातले नव्वद-पंच्याण्णव तंतू त्या आतल्या एका रांगेला जातात. बाहेरच्या तीन रांगांना उरलेले पाच-दहा, तेही बारीक, वर वेष्टण नसलेले.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा अन्याय वाटला होता. मग कळलं, बाहेरच्या पेशी मुळात ऐकायला नाहीतच. त्या आवाजाबरोबर लांब-आखूड होतात, अक्षरशः नाचतात, आणि त्या नाचण्यानं पडद्याची हालचाल वाढते. म्हणजे त्या अँप्लिफायर आहेत. ऐकून वर कळवायचं काम आतल्या रांगेचं. आणि गंमत बघा, केशपेशीला स्वतःची शेपटी नाही, वायर नाही. ती जागेवर बसून असते, वायर तिच्यापर्यंत येते. माणसात एका आतल्या पेशीला साधारण दहा तंतू येऊन चिकटतात, मांजरात वीसेक. पण एका तंतूच्या वाट्याला पेशी एकच. वर एक चाडं, खाली दहा फण! आणि कुठलाही फण दुसऱ्याच्या चाड्यात तोंड घालत नाही, कारण घातलं तर आवाज कुठल्या पट्टीतला हा पत्ताच हरवला.

एकाच पेशीला दहा तंतू कशाला, एक पुरला नसता का, हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचं उत्तर मामाकडं आहे.

माझे मामा मानवतच्या बाजूला एका जिनिंगमधे मुकादम होते. इथं बसलेल्यांपैकी ज्यांचा कापसाशी संबंध आहे त्यांना जिन काय असतो हे सांगायला नको. दिवाळी झाली की सुरू, होळीपर्यंत चालू, रुई एकीकडं, सरकी एकीकडं, आणि आवाज सगळीकडं. आम्ही लहानपणी डबा द्यायला जायचो तर दारातून हातवारे करून मामाला बोलवायचं, हाक मारायचा प्रश्नच नाही. मामांचं बोलणं त्यामुळं कायम वरच्या पट्टीत. आमच्या घरी साधा चहा मागितला तरी शेजारचे विचारायचे, भांडण झालं का.

तर साठीच्या आसपास मामांचं विचित्र व्हायला लागलं. रात्री सगळं सामसूम असताना मामी स्वयंपाकघरात हळू आवाजात सुनेला काहीतरी सांगायची, ते मामांना पलंगावर ऐकू यायचं, आणि तेच मामा चार माणसं एकदम बोलायला लागली की नुसते तोंडाकडं बघत बसायचे. बैठकीत, बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नात. विचारलं की म्हणायचे, आवाज येतोय बाई, शब्द येत नाहीत. घरातल्यांनी याचा अर्थ काय काढला असेल? मामी म्हणायची, यांना सोयीचं तेवढं ऐकू येतं. कानाडोळा करतात मेले. आणि मी, प्राणिशास्त्राची बाई, पाटीवर कानाच्या आकृत्या काढून काढून हात दुखलेली, मीसुद्धा त्यांना म्हणाले, मामा लक्ष देत जा. आज ते आठवलं की मलाच माझी लाज वाटते.

एका लग्नातली गोष्ट सांगते, मामांची परवानगी आहे. आमच्या नात्यातले एक आण्णा, वय ऐंशीच्या पुढं, मामांच्या शेजारच्याच खुर्चीत बसलेले, तब्येत अगदी ठणठणीत. समोर डीजे. मुलाकडचे एक पाहुणे अदबीनं आले आणि मामांच्या कानाशी वाकून म्हणाले, आण्णा जेवले का? मामांना काय ऐकू आलं, आण्णा गेले का? मामांनी आण्णांकडं एकदा नीट बघून घेतलं आणि पाहुण्यांना म्हणाले, नाही अजून, पण आता काय, वेळ लागणार नाही. आणि आण्णांचे कान शाबूत होते! दोन वर्षं बोलत नव्हते दोघं. शेवटी वेळ अमावस्येला शेतात अंबिलावर समेट झाला.

मग मी मामांना शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. नाव सांगत नाही, त्याचा उपयोगही नाही, कुठंही नेलं असतं तर हेच झालं असतं. तिथं एक काचेची खोली असते, आत पिन पडली तरी ऐकू यावी अशी शांत, कानाला हेडफोन लावतात, पीं वाजलं की बटण दाबायचं. मामांनी बटणं दाबली. रिपोर्ट आला, ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या लाटांच्या सुराच्या, आसपास थोडा खड्डा, तिथं जरा कमी ऐकू येतं, बाकी वयाच्या मानानं नॉर्मल. नॉर्मल! मामी तो कागद घेऊन आख्ख्या गल्लीत फिरली. बघा, डॉक्टरनंच लिहून दिलंय, ऐकू येतं यांना. त्या दिवशी मामांचं तोंड जे पडलं ते मी विसरत नाही. आजार निघाला असता तर माणूस सुटला असता, इथं रिपोर्टनं त्यांना खोटारडं ठरवलं. नंतर कुणीतरी सांगितलं म्हणून कानाचं मशीन आणलं, त्यानं सगळंच मोठं झालं, बोलणंही आणि गोंधळही, चार दिवस लावलं आणि कोनाड्यात देवाजवळ ठेवून दिलं. अजून आहे तिथं, दसऱ्याला त्याची पूजा होते, शस्त्र म्हणून.

हसा, पण आता ऐका. २००९ साली बोस्टनला कुजावा आणि लिबरमन या दोघांनी उंदरांवर एक काम केलं. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. आपल्याकडं २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. वरातीत काय असतं ते तुम्हीच सांगा, मला आता मोजायची हिंमत नाही. तर त्या उंदरांचं ऐकणं आधी मंद झालं आणि दोनेक आठवड्यांत परत जागेवर आलं. केशपेशी मोजल्या, सगळ्या जिवंत. तोवर लोक इथंच थांबायचे, म्हणायचे कान बरा झाला. या दोघांनी पुढं जाऊन केशपेशी आणि नसेचे तंतू जिथं चिकटतात ते सांधे मोजले. बारीक आवाजाच्या भागातले जवळजवळ निम्मे सांधे गायब! कायमचे. आणि सांधा तुटलेल्या चेतापेशी नंतर महिनोन् महिने हळूहळू मरत राहिल्या. चाडं जागेवर, फण निम्मे मोडलेले. लांबून बघणाऱ्याला तिफण धडधाकट दिसणारच ना.

आता तो मगाचा प्रश्न. दहा तंतू कशाला? कारण ते दहा सारखे नसतात. काही तंतू जाड असतात, केशपेशीच्या एका बाजूला चिकटतात, आणि इतके हलके की अगदी हळू आवाजानंही पेटतात, म्हणजे वर निरोप पाठवतात, आवाज नसतानाही अधूनमधून टिकटिक करत असतात. काही बारीक असतात, दुसऱ्या बाजूला चिकटतात, शांत असतात, आवाज बऱ्यापैकी मोठा झाल्याशिवाय हालत नाहीत. आपल्या भाषेत पहिले हलक्या कानाचे, दुसरे जड. काचेच्या शांत खोलीत पीं वाजलं की कोण उत्तर देणार? हलक्या कानाचे. ते मूठभर उरले तरी परीक्षा पास. पण लग्नात डीजे सुरू झाला की हे हलके आधीच पूर्ण जोरात पेटलेले असतात, त्यांच्यापाशी आणखी सांगायला जागाच उरत नाही, तेव्हा त्या गोंधळावर तरंगणारं 'जेवले' आणि 'गेले' वेगळं काढायचं काम जड तंतूंकडं जातं. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगात आवाजानं आधी तुटतात ते हेच. म्हणजे मामांची परीक्षा घेतली ती जे तंतू शाबूत आहेत त्यांची, आणि जे गेले त्यांना कुणी काही विचारलंच नाही. पोरांनो, पेपर सोपा काढला की वर्ग हुशार दिसतो, तसं.

उंदीर आणि माणूस एक नाही, हे मी मान्य करते. जिवंत माणसाच्या कानात शिरून सांधे मोजता येत नाहीत. पण मेल्यानंतर दान केलेल्या कानांचे काप तपासलेत, त्यात केशपेशी बऱ्याच शाबूत आणि नसेचे तंतू गळालेले असं वयाबरोबर वाढत गेलेलं दिसतं. मामांचं नक्की हेच झालं का, हे छातीवर हात ठेवून कुणी सांगणार नाही. पण 'मुद्दाम करतात' यापेक्षा हे कारण जास्त पटतं की नाही?

चिठ्ठी आली वाटतं. दहा मिनिटं. सेक्रेटरी साहेब, मी अजून कानातून बाहेरही निघाले नाही हो, मेंदूपर्यंत जायचंय, पोस्टरवर जे लिहिलंय ते तर आता सुरू होणार होतं. बरं, पळवते. माईक बंद करा, मी तशीच बोलते, मागच्यांनी पुढं या, वर्गात असंच करायचे मी.

पहिलं, तो सांधा. शरीरातले चेतापेशींचे बरेच सांधे विजेचा झटका आला की एकदा निरोपाचं रसायन सोडतात. कानातला सांधा सतत सोडत असतो, आवाजाच्या प्रत्येक लाटेबरोबर कमी-जास्त, सेकंदाला शेकडो वेळा. त्यासाठी केशपेशीच्या आत सांध्याजवळ एक फीत असते, तिच्या अंगावर रसायनाच्या पिशव्या दाटीनं टांगलेल्या. पंगतीला वाढपी भातासाठी दर वेळी चुलीपर्यंत पळत नाही, घमेलं हातात घेऊन पंगतीतच उभा असतो, म्हणून कुणाचं पान रिकामं राहत नाही. ती फीत म्हणजे तो वाढपी.

दुसरं, त्या तंतूची पेशी. स्पर्शाच्या चेतापेशीचं पोट बाजूला लटकलेलं असतं, संदेश मुख्य रस्त्यानं सरळ निघून जातो. कानाच्या पेशीला दोन टोकं, एक केशपेशीकडं, एक मेंदूकडं, आणि पोट मधोमध रस्त्यातच. संदेशाला पोटातून जावं लागतं, म्हणजे खोळंबा व्हायची भीती. मांजरानं काय केलं, पोटावरही मायलिनचं, म्हणजे वायरीवर असतं तसलं, संदेश वेगानं नेणारं वेष्टण चढवलं. माणसात बहुतेक पेशींच्या पोटावर ते नसतं. पोरांनो, हे नीटला येत नाही पण विचार करायला हरकत नाही.

तिसरं, वेळ. एक तंतू सेकंदाला फार तर काही शे वेळा पेटू शकतो, त्याच्यावर दमतो. मग हजार-दोन हजार हर्ट्झचा सूर तो कसा सांगणार? गावात घिसाड्याचं पाल पडायचं तेव्हा बघितलंय का, बाप सांडशीत लोखंड धरून, बाई आणि पोरगा आळीपाळीनं घण घालायचे. प्रत्येकाला मधे दम मिळायचा, पण लोखंडावर घाव पडायचे थांबायचे नाहीत. तंतू तसेच, प्रत्येक लाटेला प्रत्येकजण पेटत नाही, पण जो पेटतो तो लाटेच्या त्याच जागी पेटतो, आणि दहा जणांची बेरीज केली की सगळ्या लाटा मोजल्या जातात. प्राण्यांमधल्या मोजणीत हे साधारण ४,००० ते ५,००० हर्ट्झपर्यंत चालतं. म्हणून दहा फण! फण मोडले की घाव चुकायला लागतात. 'कर' की 'खर', 'दार' की 'धार', 'पळ' की 'फळ', हे सगळं सेकंदाच्या काही शतांशांचं काम आहे, आपल्या मराठीला तर असल्या जोड्यांची हौसच आहे. आवाज पोचतो, वेळ पोचत नाही.

चौथं, मेंदूच्या दारात. तंतूचं टोक तिथं एका गोल पेशीला जाऊन भिडतं, आणि भिडतं म्हणजे नुसतं टेकत नाही, हाताच्या पंजानं चेंडू धरावा तसं तिला कवेत घेतं. हान्स हेल्ड नावाच्या जर्मन माणसानं १८९३ मधे असले सांधे दाखवले, अजून त्याचंच नाव आहे. त्या गोल पेशीच्या फांद्या अगदी आखूड, झुडपासारख्या, कारण लांब फांदी म्हणजे उशीर. तिच्या शेजारी ऑक्टोपस नावाच्या पेशी असतात, त्यांच्या फांद्या सगळ्या एकाच बाजूला लांब, तंतूंच्या जुडग्यावर आडव्या पडलेल्या. आकार बघूनच सांगा, काय काम? बरोबर, पुढच्या रांगेतली ती पोरगी बरोबर बोलली, खूप जणांचं एकदम ऐकायचं. खूप तंतू एकाच क्षणी बोलले तरच ती पेटते, म्हणून टाळी, दाराची कडी, टाळाचा पहिला ठोका, असं जे अचानक सुरू होतं ते ती पकडते. काम कुणी सांगितलं नव्हतं तिला, बघितलंत? माझ्या ३१ वर्षांचं सार्थक झालं, आता उरलेली पाच मिनिटं बोनस.

पाचवं आणि शेवटचं, आणि हे मला सगळ्यात आवडतं. डोळे मिटा सगळ्यांनी. टाळी वाजवते. कुठून आली? डावीकडून, बरोबर. कसं कळलं? डाव्या कानाला आधी पोचली. किती आधी? आवाज अगदी बाजूनं आला तरी डोक्याच्या रुंदीमुळं पडणारा फरक सेकंदाच्या दहा लाखांश भागात मोजला तर ६००-७०० भाग. आणि माणसाला त्यातला दहा भागांचा फरकही कळू शकतो. चेतापेशीचा एक झटकाच मुळात हजारेक भागांचा असतो. म्हणजे ज्या घड्याळाचा काटा मिनिटाचा आहे त्यात सेकंदापेक्षा कमी मोजायचं!

हे करणाऱ्या पेशींचा आकार बघा, हे चित्र, मागं दिसत नसेल तर नंतर दाखवते. मधे पेशी, दोन फांद्या, दोन उलट दिशांना. एका फांदीवर डाव्या कानाचा निरोप, दुसरीवर उजव्या. हे जू आहे! दोन्ही बैलांनी एकदम ओढ घेतली तर गाडा निघणार, मागं-पुढं झालं तर जागेवर. आणि पेशी मुद्दाम गळकी ठेवलीय. रांजणाला भोक असावं तशी तिच्या पडद्यात पोटॅशियमची दारं लगेच उघडतात, एका बाजूची घागर ओतली आणि दुसरी यायला जरा उशीर झाला तर पहिलं पाणी गळून गेलेलं असतं, रांजण भरतच नाही. दोन्ही घागरी एकदम ओतल्या तरच काठोकाठ. आपण गळक्या भांड्याला नावं ठेवतो, इथं गळणं हेच काम. गव्हाणी घुबड अंधारात नुसत्या आवाजावर उंदीर उचलतं तेही असल्याच दोन कानांच्या हिशोबावर, त्याच्या मेंदूतली मांडणी थोडी वेगळी आहे पण ते जाऊ द्या, साहेब घड्याळ दाखवायलेत.

कॉक्लियर इम्प्लांटवर बोलायचं राहिलं. एका वाक्यात सांगते, केशपेशी गेल्या असतील पण नस जिवंत असेल तर कॉक्लियात बारीक तार सरकवून सरळ नसेलाच वीज देतात, तारेवर साधारण बारा ते बावीस टोकं असतात, ३,५०० पेशींच्या जागी फार तर वीसेक, आणि तेवढ्यावर बहिरं जन्मलेलं पोरगं लहानपणीच बसवलं तर बोलायला शिकतं, कारण बारीक आवाज कुठं आणि जाड कुठं हा नकाशा नसेत तसाच असतो. वाक्य लांब झालं, माफ करा.

प्रश्न घ्यायला वेळ नाही म्हणतात. एकच घेते, त्या मागच्या काकांचा, आता पुढं आलेत ते. काय? मामांचं पुढं काय झालं? मामा आहेत की, गावाकडंच असतात. मी मामीला हे सगळं एकदा बसवून सांगितलं, तिफणीसकट. तेव्हापासून मामी बोलायच्या आधी टीव्ही बंद करते, पंखा बंद करते, यांच्या समोर येऊन उभी राहते, आधी "अहो" म्हणते, यांनी मान वर केली की मग सावकाश बोलते. परवा मामांना फोनवर विचारलं, आता कसं आहे? तर म्हणाले, आता शब्द न् शब्द कळतोय बाई, त्याचाच त्रास व्हायलाय.